‘शकुंतले’च्या विस्मरणाची किंमत

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी यवतमाळ येथील समारंभात वर्धा–कळंब या नव्या रेल्वेमार्गाचे लोकार्पण केले. वर्धा–यवतमाळ–नांदेड या सुमारे २८४ किलोमीटरच्या प्रकल्पाचा हा पहिला तुकडा. २००८-०९ च्या सुमारास मंजुरी मिळालेल्या या मार्गाचे पहिले चाळीसएक किलोमीटर पूर्ण होण्यास पंधरा वर्षे लागली. तरीही जिल्ह्यात आनंद होता आणि तो रास्तच होता. यवतमाळला आता रेल्वे येणार, असे जो तो म्हणत होता. या उत्साहात एका गोष्टीचा मात्र सर्वांना विसर पडला. यवतमाळला रेल्वे पहिल्यांदा येत नव्हती. ती शंभर वर्षांपूर्वीच आली होती आणि अवघ्या काही वर्षांपूर्वी बंद पडली होती.

त्या रेल्वेचे लोकांतले नाव ‘शकुंतला’. मुंबई–नागपूर मुख्य मार्गावरील मूर्तिजापूर हे तिचे मधले ठाणे. तेथून नॅरोगेजचे दोन फाटे फुटत. एक कारंजा, दारव्हा असे करीत यवतमाळला जाणारा, सुमारे ११३ किलोमीटरचा. दुसरा दर्यापूर, अंजनगाव सुर्जी असे करीत सातपुड्याच्या पायथ्याशी अचलपूरला टेकणारा, सुमारे ७७ किलोमीटरचा. गेल्या दशकात आधी यवतमाळचा आणि नंतर अचलपूरचा फाटा बंद झाला. यवतमाळला निदान दुसऱ्या बाजूने का होईना, नवी रेल्वे मिळण्याची आशा आहे. अचलपूरचे स्थानक मात्र एका जुन्या मार्गाचे शेवटचे टोक होते. रूळ थांबले, की अशा स्थानकाला दुसरी दिशा उरत नाही.

हे स्थानक का बंद पडले, या प्रश्नाला तयार उत्तर असे, की गाडी मंद होती, तोट्यात होती, कालबाह्य होती. हे उत्तर खोटे नाही, पण ते अपुरे आहे. महाराष्ट्रातील अशीच दुसरी मंद, अरुंद आणि तोट्याची मानली गेलेली रेल्वे आज ब्रॉडगेजवर धावते आहे. त्या दोघींच्या नशिबात फरक का पडला, हे पाहिल्याशिवाय अचलपूरच्या ओस फलाटाचा अर्थ लागत नाही.

अचलपूर म्हणजे जुने एलिचपूर. वऱ्हाडच्या इमादशाहीची ही राजधानी. पुढे निजामाच्या वऱ्हाड सुभ्याचे मुख्य ठाणेही येथेच होते. डिसेंबर १८०३ मध्ये जवळचा गाविलगड इंग्रजांनी घेतला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सुर्जी अंजनगावचा तह झाला, तेव्हा या परिसराचे महत्त्व साऱ्या हिंदुस्थानला ठाऊक होते. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत जीआयपी रेल्वेने वऱ्हाडचा नकाशा नव्याने मांडला. मुख्य मार्ग अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा दक्षिणेकडून गेला आणि १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. कापसाच्या व्यापारासाठी अमरावतीला बडनेऱ्याहून आणि खामगावला जलंबहून शाखा देण्यात आल्या. एलिचपूरला काही मिळाले नाही. १९०५ मध्ये एलिचपूर जिल्हा मोडून अमरावतीत विलीन झाला. रेल्वे कोठून जाते यावर शहरांची चढउतार ठरते, याचा हा वऱ्हाडातील पहिला धडा होता.

रेल्वेपूर्वी वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. युद्ध संपल्यावर भाव पडले, पण वऱ्हाड कापसाचा मुलूख म्हणून कायमचा बांधला गेला. मुख्य मार्गापासून दूर असलेल्या यवतमाळ, दारव्हा, कारंजा, दर्यापूर आणि एलिचपूर या बाजारपेठांचा कापूस रुळांपर्यंत आणायचा कसा, हा व्यापाऱ्यांपुढचा आणि सरकारपुढचा पुढील चाळीस वर्षांचा प्रश्न होता.

त्याचे उत्तर सरकारने खासगी भांडवलात शोधले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात शाखा-रेल्वे कंपन्यांसाठी सवलतीचे धोरण आखण्यात आले. कंपनीने भांडवल उभारून मार्ग बांधावा, मुख्य रेल्वेने तो चालवावा, उत्पन्नाचा ठरावीक वाटा कंपनीला द्यावा आणि ठरावीक मुदतीनंतर मार्ग विकत घेण्याचा हक्क सरकारकडे राहावा, अशी ही सर्वसाधारण रचना. याच चौकटीत मुंबईच्या किलिक निक्सन या व्यापारी पेढीने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर आणि वर्धा जिल्ह्यातील पुलगाव–आर्वी हे मार्ग या कंपनीचे. रूळ, जमीन आणि स्थानके कंपनीची, गाड्या चालविणार जीआयपी. खर्च कमी ठेवण्यासाठी अडीच फुटांचे अरुंद माप निवडण्यात आले. मूर्तिजापूरला कापसाच्या गाठी लहान वाघिणींतून मोठ्या वाघिणींत चढविल्या जात आणि मुंबईकडे रवाना होत.

कापसासाठी आलेली गाडी लवकरच माणसांची झाली. कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान, तेथे दत्तभक्तांची वर्दळ. अंजनगाव विड्याच्या पानांसाठी आणि पानपिंपळीसाठी प्रसिद्ध. गाडगेबाबांचे शेंडगाव याच पट्ट्यातले. शेतमजूर, आठवडी बाजाराला जाणाऱ्या बायका, तालुक्याच्या गावी शिकायला जाणारी मुले हे या गाडीचे खरे प्रवासी होते. १९२१ मध्ये मँचेस्टर येथे बनलेले वाफेचे इंजिन सात दशके या मार्गावर राबले. १५ एप्रिल १९९४ रोजी ते निवृत्त झाले आणि डिझेल इंजिन आले. पाहुण्यांना त्या इंजिनाचे आणि लिव्हरपूलची मोहोर असलेल्या सिग्नलांचे मोठे कौतुक वाटे. पण शतकभर जुने सिग्नल बदलण्याची कोणाला गरज वाटली नाही, हा कौतुकाचा नव्हे, तर काळजीचा विषय होता.

त्या दुर्लक्षाचे मूळ मालकीच्या गुंत्यात होते. जीआयपीचा कारभार १९२५ मध्ये सरकारकडे आला. नोव्हेंबर १९५१ मध्ये मध्य रेल्वेची स्थापना झाली. देशातील बहुतेक रेल्वे कंपन्या तोपर्यंत राष्ट्रीय जाळ्यात सामील झाल्या होत्या. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी मात्र बाहेर राहिली. जुना करार पुढे चालू राहिला आणि दर दहा वर्षांनी मार्ग विकत घेण्याची संधी सरकारपुढे येत राहिली. ती प्रत्येक वेळी हुकली. मार्ग फायद्याचा नाही, मग विकत कशाला घ्यायचा, असा विचार दिल्लीत झाला असेल तर तो हिशेबाच्या वहीपुरता समजण्यासारखा आहे. त्या वहीत नोंद न झालेला खर्च मात्र पुढच्या पिढ्यांच्या खात्यावर पडला.

हा खर्च कसा वाढत गेला हे पाहण्यासारखे आहे. मालकी कंपनीची आणि गाडी मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागाची, अशा व्यवस्थेत नवी गुंतवणूक करण्यास दोघांपैकी कोणालाच कारण नव्हते. दुसऱ्याच्या रुळांवर सरकारी पैसा घालण्यास रेल्वे नाखूश होती आणि गाडी दुसरा चालवीत असताना भांडवल ओतण्यात कंपनीला रस नव्हता. रूळ आणि पूल जीर्ण झाले, म्हणून वेगमर्यादा आली. वेग कमी झाला, म्हणून ज्यांना परवडे ते प्रवासी एसटीकडे आणि काळी-पिवळीकडे वळले. प्रवासी घटले, म्हणून फेऱ्या कमी झाल्या आणि स्थानकांवरील कर्मचारी काढून घेण्यात आले. गार्डच खाली उतरून तिकिटे देऊ लागला, गाडीबरोबरचेच कर्मचारी उतरून फाटक बंद करू लागले आणि गाडी पुढे गेल्यावर ते उघडू लागले. एकशेनव्वद किलोमीटरच्या या मार्गाला अखेरीस जवळपास वीस तास लागत. मग याच अवस्थेकडे बोट दाखवून मार्ग तोट्याचा ठरविण्यात आला. आधी उपाशी ठेवायचे आणि मग अशक्त म्हणून नाकारायचे, असा हा न्याय होता.

या साऱ्या काळात ‘शकुंतला’ देशभरच्या वृत्तपत्रांत झळकली ती एकाच वाक्याने : स्वतंत्र भारतातील इंग्रजांच्या मालकीची रेल्वे. वाक्य चटकदार होते. त्यामुळे संताप झाला, कुतूहल वाढले, छायाचित्रकार येऊन गेले. पण मूळ प्रश्न झाकला गेला. मालक कोणत्या देशाचा, हा येथे दुय्यम मुद्दा आहे. मालक कोणीही असला, तरी खरेदीचा अधिकार भारत सरकारकडे होता आणि तो वापरला गेला नाही. त्या दृष्टीने अचलपूर स्थानकाचे दैव लंडनमध्ये ठरले नाही, ते दिल्लीत ठरले. आणि दिल्लीला भाग पाडण्याइतका आवाज मुंबईतून कधी उठला नाही.

हे विधान कठोर वाटेल, पण बार्शी लाइट रेल्वेचा इतिहास समोर ठेवला की ते टाळता येत नाही. ही रेल्वेही खासगी, तिचेही माप अडीच फुटांचे आणि तिचाही जन्म कापसाच्या व्यापारातून झालेला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेल्या कंपनीने १८९७ मध्ये कुर्डुवाडी–बार्शी हा पहिला टप्पा सुरू केला. पुढे हे रूळ पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचले. फरक पडला तो पुढे. १९५४ मध्ये भारत सरकारने बार्शी लाइट रेल्वे विकत घेतली. त्यानंतरही ती दीर्घकाळ अरुंदच राहिली, तिचीही थट्टा झाली, तिच्या रुंदीकरणासाठीही सोलापूर-मराठवाड्याला दशकानुदशके वाट पाहावी लागली. पण मालकीचा प्रश्न निकाली निघाला असल्याने लढा फक्त निधीचा होता. २००८ पर्यंत लातूर–कुर्डुवाडी हा भाग ब्रॉडगेज झाला. जुन्या मार्गाने वगळलेले उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, नव्या आखणीत जोडले गेले. त्यानंतर पंढरपूर–मिरज हा टप्पाही पूर्ण झाला.

त्या निर्णयाचे मोल एप्रिल २०१६ मध्ये साऱ्या देशाने पाहिले. लातूर शहराच्या नळांना पाणी नव्हते. तेव्हा मिरजेहून पाण्याच्या वाघिणी घेऊन रेल्वे निघाली आणि पंढरपूर, कुर्डुवाडी मार्गे लातूरला पोहोचली. आरंभी दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर आणि पुढे पन्नास वाघिणींतून सुमारे पंचवीस लाख लिटर पाणी एकेका खेपेला गेले. ही ‘जलदूत’ गाडी ज्या वाटेने धावली, ती कॅलथ्रॉपच्या जुन्या अरुंद रेल्वेचीच वाट होती. १९५४ मध्ये त्या खरेदीचा हिशेब मांडणाऱ्या कोणाच्याही मनात पाण्याची गाडी नसणार. लातूरमध्ये आता रेल्वेचे डबे बनविणारा कारखानाही उभा राहिला आहे. रेल्वेमार्ग हा असा ठेवा असतो. त्याचा खरा उपयोग बांधणाऱ्याला किंवा विकत घेणाऱ्याला आधी दिसतोच असे नाही.

उदाहरण एकटे बार्शीचे नाही. पश्चिम बंगालमध्ये मॅक्लिऑड कंपनीच्या ताब्यातील अहमदपूर–कटवा, बर्धमान–कटवा आणि बांकुरा–दामोदर या अरुंद रेल्वे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारने आपल्याकडे घेतल्या. आज त्या वाटांवर ब्रॉडगेज गाड्या धावतात. विदर्भातच नागपूर–छिंदवाडा ही नॅरोगेज २०१५ च्या अखेरीस बंद झाली, पण ती रुंदीकरणासाठी बंद झाली आणि रुंद होऊन परत आली. तेथील प्रवाशांनीही काही वर्षे गैरसोय सोसली, मात्र त्या गैरसोयीला शेवट होता. ‘शकुंतले’ची गाडी थांबली तेव्हा पुढे काय, हे कोणी निश्चित केलेले नव्हते. रुंदीकरणाच्या घोषणा झाल्या, सर्वेक्षणे झाली, निवडणुकांच्या सभांत आश्वासने दिली गेली. रूळ जागेवर राहिले, गाडी राहिली नाही.

याला एक प्रामाणिक प्रतिवाद आहे आणि तो विचारात घेतला पाहिजे. रस्ते सुधारले आहेत, अचलपूरहून अमरावतीला किंवा अकोल्याला बसने काही तासांत पोहोचता येते. मग एवढा खर्च करून रेल्वे कशासाठी? रेल्वेच्या मर्यादित निधीतून गर्दीच्या मार्गांचे दुपदरीकरण आधी करावे, हे म्हणणेही चुकीचे नाही. शिवाय आज ‘शकुंतला’ जुन्या रूपात पुन्हा सुरू करणे म्हणजे वीस तासांचा प्रवास लोकांवर लादणे होय. त्याचे समर्थन भावनेच्या बळावरही करता येणार नाही.

परंतु हा प्रतिवाद खर्चाची एकच बाजू मोजतो. नॅरोगेजचे तिकीट एसटीच्या तिकिटाहून स्वस्त होते. ज्याच्यासाठी तेवढा फरक मोठा होता, त्या प्रवाशाने गाडी बंद झाल्यावर बसचा पर्याय निवडला असे म्हणता येत नाही. कित्येकांच्या बाबतीत त्याने प्रवासच सोडला असेल. अशा माणसाची नोंद कोणत्याही प्रवासी आकडेवारीत होत नाही, कारण न केलेल्या प्रवासाचे तिकीट फाडले जात नाही. दुसरे असे, की शेतमालाची वाहतूक हा या पट्ट्याचा कायमचा प्रश्न आहे. अंजनगाव-अचलपूर-दर्यापूर हा कापूस, संत्री, केळी आणि डाळींचा मुलूख. मुख्य मार्गाशी ब्रॉडगेजने जोडलेली बाजारपेठ आणि ट्रकच्या भाड्यावर अवलंबून असलेली बाजारपेठ यांत शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावाचा फरक पडतो. खामगाव आणि अमरावतीला शाखा देताना इंग्रजांना जे कळले होते, ते आज न कळण्याचे कारण नाही.

विदर्भाच्या अनुशेषाच्या चर्चेतही ही रेल्वे कायम बाहेर राहिली. १९८४ च्या दांडेकर समितीने रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य यांचा प्रादेशिक अनुशेष मोजला. रेल्वे हा केंद्राचा विषय असल्याने ती त्या हिशेबात बसली नाही. केंद्राच्या दृष्टीने हा मार्ग खासगी होता आणि राज्याच्या दृष्टीने तो केंद्राचा होता. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण या मार्गाला जितकी लागू पडते तितकी क्वचितच दुसऱ्या कशाला पडत असेल.

आता करण्यासारखे काय आहे? पहिली गोष्ट मालकीची. जुन्या कराराचा शेवट करून मार्ग, स्थानके आणि जमीन यांचे हस्तांतर पूर्ण करणे ही रुंदीकरणाच्या आधीची पायरी आहे. ती वगळून केलेली प्रत्येक घोषणा कागदावरच राहील. दुसरी गोष्ट जमिनीची. एकशेनव्वद किलोमीटरची सलग पट्टी आज नव्याने संपादित करायची म्हटली, तर पैसा आणि वर्षे किती लागतील याचा अंदाज वर्धा–नांदेड मार्गाच्या अनुभवावरून करता येतो. ही पट्टी शंभर वर्षांपूर्वीच मोकळी करून ठेवलेली आहे. गाडी धावत नसली, की रुळांना गवत आणि जमिनीला अतिक्रमण लागते. मोजणी करून ती सुरक्षित ठेवणे हे आजच करता येण्यासारखे आणि तुलनेने अल्प खर्चाचे काम आहे.

तिसरी गोष्ट निवडीची. संपूर्ण मार्ग एकदम रुंद करणे शक्य नसेल, तर कोणता भाग आधी, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. वर्धा–नांदेड मार्गाच्या आखणीत यवतमाळ आणि दारव्हा येतात. त्यामुळे मूर्तिजापूर–कारंजा–दारव्हा हा दुवा जोडला, तर मुख्य मार्ग आणि नवा मार्ग एकमेकांना मिळतील आणि जुन्या रेल्वेचा यवतमाळ फाटा नव्या जाळ्याचा भाग होईल. अचलपूरच्या फाट्याला असा दुसरा आधार नाही. म्हणूनच त्याचा निर्णय स्वतंत्रपणे आणि आधी व्हायला हवा. माथेरानच्या धर्तीवर वारसा-रेल्वे करावी, अशीही सूचना होते. चिखलदऱ्याला जाणारे पर्यटक अचलपूर-परतवाड्यावरून जातात, हे खरे. पण माथेरानची गाडी पर्यटकांसाठी आहे. अचलपूरची गाडी बाजाराला आणि मजुरीला जाणाऱ्यांची होती. एखादे जुने इंजिन रंगवून चौथऱ्यावर ठेवल्याने त्यांची गाडी परत येत नाही.

कालिदासाच्या नाटकातली शकुंतला राजाच्या विस्मरणाची शिक्षा भोगते. तेथे निदान एका शापाचे निमित्त होते, आणि अंगठी सापडताच राजाला सारे आठवते. वऱ्हाडच्या ‘शकुंतले’ला कोणाचा शाप नव्हता. खरेदीचा हक्क कागदावर होता, मुदतीच्या तारखा ठाऊक होत्या, बार्शीचे उदाहरण डोळ्यांपुढे होते. तरीही प्रत्येक दहा वर्षांनी निर्णय पुढे ढकलला गेला. अचलपूरचे स्थानक एखाद्या आदेशाने एका दिवसात बंद पडले नाही. ते न घेतलेल्या निर्णयांनी, दशकागणिक थोडे थोडे, बंद पडत गेले. कळंबपर्यंत आलेल्या रेल्वेचे स्वागत करताना एवढी आठवण ठेवली, तरी नव्या मार्गाच्या उरलेल्या किलोमीटरांवर तीच पाळी येऊ न देण्यास तिचा उपयोग होईल.